गोधडी, ऊन आणि श्टाउडिंगर

मंडळी, सुरुवातीलाच कबुली देतो. आजीच्या गोधडीची वाट मी लावली.

दुबईला आलो तेव्हा आईने ती आग्रहाने बॅगेत कोंबली होती. आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची, हाताने शिवलेली. 2020 साली घरूनच काम सुरू झालं. बाल्कनीतल्या उन्हामुळे लॅपटॉपचा स्क्रीन दिसेना, म्हणून मी ती कठड्यावरून आडवी बांधली. तात्पुरती! ती दोन उन्हाळे तिथेच राहिली. सोडायला गेलो तर बाहेरच्या बाजूचं लुगडं पापडासारखं तुटून हातात आलं. आतले थर मात्र शाबूत होते.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. केमिस्ट्री बारावीनंतर सुटलेली. पण हे असं का झालं ते शोधताना एका माणसाची गाठ पडली आणि मी त्यांच्या चरित्रात गुंतत गेलो. नाव हेर्मान श्टाउडिंगर.

त्यांचा जन्म 1881 चा, जर्मनीतल्या वोर्म्स गावचा. त्यांना खरं तर वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. तत्त्वज्ञ असलेल्या वडिलांनी सुचवलं की झाडं नीट समजायची तर आधी रसायनशास्त्र शीक. मुलगा गेला तो तिकडचाच झाला. 1905 मध्ये त्यांनी कीटीन नावाची नवी संयुगं शोधली आणि 1912 मध्ये झुरिकच्या प्रख्यात तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढचं आयुष्य सुखात गेलं असतं.

पण 1920 मध्ये त्यांनी एक निबंध छापला. रबर, स्टार्च, कापूस यांसारखे पदार्थ म्हणजे छोट्या रेणूंचे नुसते पुंजके, असं तेव्हाचे मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. श्टाउडिंगर यांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते हे छोटे घटक पक्क्या रासायनिक बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांची प्रचंड लांब साखळी तयार होते. अशा रेणूला त्यांनी 1922 मध्ये मॅक्रोमॉलिक्यूल म्हटलं. लोकांना ते हास्यास्पद वाटलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा नाद सोडायचा सल्ला दिला. त्यांनी मात्र प्रयोग चालूच ठेवले. रबराचे दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकले. नुसता पुंजका असता तर तो सुटायला हवा होता, पण रेणू मोठाच राहिला. साखळी जितकी लांब तितकं तिचं द्रावण घट्ट, हेही त्यांनी दाखवलं.

माझ्या गोधडीचं उत्तर इथेच होतं. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. उन्हातले अतिनील किरण, हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा मिळून ही साखळी जागोजागी तोडतात. धागा दिसायला तोच, पण आतून तुकडे झालेले. काही पिवळे-नारिंगी रंग तर हे काम आणखी लवकर करतात. अशा विरलेल्या सुताचं द्रावण पातळ होतं. त्यावरून किती नुकसान झालं हे प्रयोगशाळेत मोजता येतं.

श्टाउडिंगर यांचा हट्ट फक्त प्रयोगशाळेपुरता नव्हता. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, जर्मनी हे युद्ध जिंकू शकत नाही असं त्यांनी लिहिलं. नंतर विषारी वायूंच्या वापराविरुद्धही लिहिलं. वायुयुद्धाचे जनक फ्रिट्झ हाबर त्यांच्यावर भडकले. 1926 मध्ये ते फ्रायबुर्गला आले. नाझी सत्तेवर आल्यावर ही जुनी पानं उकरली गेली आणि तीही त्याच विद्यापीठाचे रेक्टर, प्रसिद्ध तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांच्याकडून. गेस्टापोने चौकशी केली, 1934 मध्ये राजीनाम्यावर सही घेतली. तो अमलात आला नाही, पण डोक्यावर टांगती तलवार राहिली. घरात, प्रयोगशाळेत साथ होती ती पत्नी माग्डा यांची. आणि त्या होत्या वनस्पतिशास्त्रज्ञ! नोव्हेंबर 1944 च्या बॉम्बहल्ल्यात संस्था उद्ध्वस्त झाली. त्यांनी पुन्हा उभारणी केली. नोबेल मिळालं 1953 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. 1965 मध्ये ते गेले.

आज सुती कनातींना, छत्र्यांना ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा लेप देतात. तोही साखळ्यांचाच. त्यात अतिनील किरण शोषणारं रसायन किंवा झिंक ऑक्साइडसारखी पूड घालतात. ऊन आधी लेपावर पडतं, कापसापर्यंत कमी पोचतं. अर्थात लेपही हळूहळू झिजतोच आणि पुन्हा द्यावा लागतो. टायटॅनियम डायऑक्साइडची पूड तर नीट झाकलेली नसेल तर उन्हात उलट कापडच खाते.

आधी वाटलं, गोधडीलाही असा लेप द्यावा. मग विचार केला, लेप दिलेली गोधडी अंगावर घेतली तर ताडपत्री पांघरल्यासारखं होईल. शिवाय बाहेरच्या लुगड्याने लेपाचं काम आधीच केलं होतं. ते स्वतः विरलं आणि आतली वाचवली. व्हिडिओ कॉलवर आईला विचारत विचारत बायकोने विरलेला थर उसवला, माझ्या दोन जुन्या सुती शर्टांचं कापड वर लावलं आणि टाके घातले. चार टाके मीही घातले, वाकडे का होईना.

बाल्कनीला आता लेप दिलेलं कापड आहे. गोधडी मुलीच्या पलंगावर आहे, खिडकीपासून लांब. यंदा आवराआवरीत तुमच्याकडचीही एखादी निघाली, तर मंडळी, उन्हात दाखवा जरूर, पण विसरू नका! शुभ दीपावली.