मक्याच्या देशातून संत्र्यांच्या गावी

लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबली की घाट चढण्यासाठी तिला मागून बँकर इंजिने जोडतात. तेवढ्या वेळात डब्यात गप्पांना रंग चढतो. परवा समोरच्या बाकावर शहापूरकडचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मुलगा परदेशात. त्याने कळवले होते की आई-बाबांनी आता ऊन भरपूर आणि खर्च बेताचा अशा एखाद्या देशात जाऊन राहावे. पोर्तुगाल, थायलंड अशी नावे निघाली. पेन्शन तिथे कशी पुरेल याचा हिशेब मास्तर हौसेने मांडत होते. बाई मात्र खिडकीबाहेर घाट पाहत होत्या.

गाडी नागपूरची, वाटेत वर्धा लागणार. म्हणून असेल, मला पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवले. असा ऊनदार, स्वस्त आणि मानाने वागवणारा देश त्यांना आयताच लाभला होता. म्हातारपणी त्यांनी तो सोडला.

खानखोजे १८८४ साली वर्ध्यात जन्मले. टिळकांच्या राजकारणाने भारलेली ती पिढी. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी देश सोडला, तो लष्करी शिक्षण घेऊन इंग्रजांशी लढायचे या जिद्दीने. जपान झाले, मग अमेरिका. तिथे लष्करी शाळेत कवायत शिकले आणि पोटासाठी, पण मनापासून, शेतीशास्त्रही शिकले. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या सुरुवातीच्या माणसांत ते होते. पहिले महायुद्ध पेटताच तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले, इंग्रजी फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, मॉस्को. एवढ्या मजकुरावर तीन चित्रपट निघतील. पण आपल्याला जायचे आहे ते त्यांच्या संसाराकडे, आणि तो सुरू झाला मेक्सिकोत.

१९२४ साली ते तिथे पोचले तेव्हा चाळिशीला आले होते. मायदेशाचे दार बंद, खिसा रिकामा. कॅलिफोर्नियातल्या दिवसांत ओळख झालेले मेक्सिकन मित्र आता तिथल्या सरकारदरबारी होते. त्यांच्या आधाराने चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना शिकवण्याचे काम मिळाले.

मेक्सिको आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपली मिरची तिकडची, मका तिकडचा, दसऱ्याचा झेंडूदेखील तिकडचाच. मक्याची पातळ भाकरी, सोबत घेवड्याची उसळ आणि मिरचीचा ठेचा हे तिथल्या शेतकऱ्याचे जेवण वऱ्हाडी माणसाला जड जाऊ नये. चापिंगोचा परिसर महाबळेश्वरापेक्षाही उंच, त्यामुळे ऊन लख्ख पण काहिली नाही. याच उन्हासाठी आणि डॉलर पुरतो म्हणून आज अमेरिकेतले पेन्शनर चपाला सरोवराच्या काठी घरे करून राहतात.

खानखोजे मात्र तिथे उन्हाला गेले नव्हते. क्रांती नुकतीच होऊन गेली होती, मोठ्या जमीनदाऱ्या मोडून कुळांना जमिनी मिळत होत्या. पण जमीन मिळालेल्या माणसाला बियाणे आणि ज्ञान कोण देणार? त्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम केले. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जेवणाच्या मेजाभोवती जमलेली साधी माणसे रंगवली. त्यांच्यात पाव मोडून वाटणारा जो पुरुष आहे, तो खानखोजे म्हणून ओळखला जातो. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर अन्नदाता होऊन बसला. याहून मोठा मान परक्या देशाने काय द्यावा!

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केले. दोन मुली झाल्या. नवरा वैदर्भीय, बायको बेल्जियन आणि आजूबाजूला सगळी स्पॅनिश बोलणारी माणसे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा खानखोजे साठी ओलांडून गेले होते. मेक्सिकोत राहिले असते तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांना परतायचे होते. पण इंग्रजांनी काळ्या यादीत घातलेले त्यांचे नाव नव्या सरकारच्या कागदांतही तसेच राहिले होते. प्रवासाची परवानगी आधी नाकारली गेली, मग मिळाली. ज्या देशासाठी घर सोडले, त्याच्याच दाराशी ओळख पटवून द्यावी लागावी, यासारखी क्रूर थट्टा नाही. तरीही १९५५ साली, सत्तरीत, ते सहकुटुंब नागपुरात येऊन राहिले.

इथे मला त्यांच्यापेक्षा जानबाईंचा विचार अधिक येतो. खानखोजे घरी येत होते. निवृत्तीच्या वयातल्या नवऱ्यासाठी परमुलुखात जाऊन बिऱ्हाड थाटण्याची पाळी आली ती त्यांच्यावर. ऊन भरपूर, खर्च बेताचा, या मुलाच्या दोन्ही अटींत नागपूर चोख बसते. पण चापिंगोचे ऊन वेगळे आणि वैशाखात पंचेचाळीस अंशांवर जाणारे नागपूरचे वेगळे. शिवाय भाषा पुन्हा नवी. संसाराचा ताळेबंद मांडताना ही बाजू नेहमी कोरी राहते.

खानखोजे आले तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. पुढल्याच वर्षी तो मानही गेला. त्यांनी थोडे राजकारणही करून पाहिले. ज्या नावाला मेक्सिकोत वजन होते, ते इथे फार थोड्यांना ठाऊक होते. आज आपल्याला ते कळते ते बरेचसे कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत लिहिलेल्या चरित्रांमुळे.

१९६६ साली भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. हरितक्रांतीची ती सुरुवात. ते वाण खानखोज्यांचे नव्हते, नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे होते. पण ज्या मातीतून ते आले, ती मेक्सिकोची माती नागपुरातल्या या ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने तीस वर्षे हाताळली होती. २२ जानेवारी १९६७ रोजी ते वारले. मेक्सिकन गव्हाचे पहिले मोठे पीक तेव्हा उत्तरेतल्या शेतांत उभे होते.