रसेल यांची पत्रं : तुरुंगातून, क्रेमलिनला आणि शेवटी कैरोला

बर्ट्रांड रसेल हे नाव आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी कॉलेजच्या इंग्रजीच्या पुस्तकात एखाद्या निबंधाखाली वाचलं असेल. गणितज्ञ, तत्त्वज्ञ, १९५० सालचं साहित्याचं नोबेल, आणि म्हातारपणी अणुबॉम्बच्या विरोधात लंडनच्या रस्त्यावर बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ. पण या माणसाचं आयुष्य समजून घ्यायचं असेल तर त्यांची पत्रं बघावीत असं मला वाटतं. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठ आहे. तिथं त्यांचा सगळा कागदपत्रांचा ठेवा आहे, आणि त्यांनी लिहिलेल्या व त्यांना आलेल्या पत्रांच्या नोंदी एक लाखाहून जास्त आहेत. त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं राजकीय लेखन हाही एक संदेशच होता. तो पॅलेस्टाईनबद्दल होता. त्याकडे शेवटी येऊ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रसेल देव मानत नसत. धर्माविरुद्ध त्यांनी बरंच कडक लिहिलं आहे. १९२० मध्ये रशियाला जाऊन आल्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी बोल्शेविकांची तुलना इस्लामशी केली, तीही आपल्याला आवडेल अशी नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्यांनी मुस्लिम विचारवंतांना एक प्रकरण दिलं, पण इब्ने सीना आणि इब्ने रुश्द यांना मुख्यतः ग्रीक ज्ञान युरोपपर्यंत पोहोचवणारे एवढीच जागा दिली. हे मला पटत नाही. त्यांची चार लग्नं आणि लग्नाबाहेरची नाती हीसुद्धा घरात मुलांसमोर आदर्श म्हणून मांडण्यासारखी नाहीत. पण माणूस एका बाबतीत चुकला म्हणून दुसऱ्या बाबतीत त्याचं ऐकायचंच नाही, असं आपल्या बुजुर्गांनी शिकवलेलं नाही.

आता एक मजेची गोष्ट. रसेल यांचे सख्खे मामू मुसलमान होते! त्यांची आई केट ही स्टॅनले घराण्यातली. तिचा मोठा भाऊ हेन्री स्टॅनले यानं तरुणपणी पूर्वेकडच्या देशांत राहून इस्लाम स्वीकारला. पुढे वडिलांच्या मागे तो लॉर्ड झाला. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधला पहिला मुस्लिम सदस्य म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. १९०३ साली तो वारला तेव्हा दफनही इस्लामी पद्धतीनं झालं. दुसरा एक मामा कॅथलिक धर्मगुरू होता, तिसरा काहीच न मानणारा. आजीच्या दस्तरख्वानावर रविवारी हे सगळे एकत्र जेवायचे आणि कडाडून भांडायचे. समोरच्याचं मत कितीही वेगळं असलं तरी त्याच्याशी बोलायचं, ही सवय रसेल यांना तिथूनच लागली असावी, असा माझा अंदाज.

जन्म १८ मे १८७२, वेल्समध्ये. घराणं मोठं, दादा लॉर्ड जॉन रसेल दोनदा ब्रिटनचे पंतप्रधान होते. पण मूल यतीम. दोन वर्षांचे असताना आई गेली, चार वर्षांचा व्हायच्या आत वडील गेले. दादीनं वाढवलं. पुढे केंब्रिजला गणित शिकले.

१६ जून १९०२ ला त्यांनी जर्मनीतल्या गोटलोब फ्रेगे नावाच्या गणितज्ञाला एक छोटं पत्र लिहिलं. फ्रेगे यांनी सगळं अंकगणित तर्कशास्त्राच्या पायावर उभं करण्यात वर्षानुवर्षं घालवली होती आणि दुसरा खंड छापायला गेला होता. रसेल यांनी मोठ्या अदबीनं कौतुक करून विचारलं की एका ठिकाणी मला अडचण दिसते. ती अडचण म्हणजे पायाच निखळला होता. मुलांना हे समजावताना न्हाव्याचं उदाहरण देतात : गावातला न्हावी फक्त अशांचीच दाढी करतो जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत, आणि अशा सगळ्यांची करतो, मग न्हाव्याची दाढी कोण करतो? फ्रेगे यांनी आठवड्याच्या आत उत्तर दिलं, चूक मान्य केली आणि पुस्तकाला पुरवणी जोडून ती जगाला सांगितली. साठ वर्षांनंतरही रसेल यांना फ्रेगे यांच्या या प्रामाणिकपणाचं अप्रूप होतं. आयुष्यभराची मेहनत कोसळत असताना सत्याला आधी जागा देणारा माणूस त्यांनी पत्रातून पाहिला.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. सारा देश युद्धाच्या नशेत असताना रसेल यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून विरोध केला. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. ज्यांचा जमीर लढायला तयार नव्हता त्यांना शिक्षा व्हायला लागल्या. अशा एका तरुण शिक्षकाला दोन वर्षं सक्तमजुरी झाली, त्यावर एक पत्रक निघालं आणि ते वाटणाऱ्यांनाही सरकारनं तुरुंगात टाकलं. पत्रकावर लेखकाचं नाव नव्हतं. तेव्हा रसेल यांनी टाइम्सला पत्र लिहून कळवलं की ते पत्रक मी लिहिलं आहे, पकडायचं तर मला पकडा. शंभर पौंड दंड झाला, त्यांनी भरला नाही. पुस्तकं जप्त होऊन लिलावाला निघाली ती दोस्तांनी पैसे जमवून सोडवली. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनं नोकरीवरून काढलं. एका चार ओळींच्या पत्राची किंमत!

१९१८ ला एका लेखाबद्दल सहा महिन्यांची कैद झाली, लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात. तिथं आठवड्याला एकच पत्र लिहायची मुभा, तेही अधिकारी वाचणार. रसेल यांनी वाटा शोधल्या. त्या काळी पुस्तकांची पानं कडेनं न कापलेली असायची, त्या जोडपानांच्या आत पत्रं सरकवून पुस्तक परत पाठवायचं. नटी कॉन्स्टन्स मॅलेसन हिला फ्रेंचमध्ये लिहिलेली प्रेमपत्रं त्यांनी फ्रेंच क्रांतीतल्या माणसांच्या पत्रांची नक्कल म्हणून खपवली, कारण पहारेकऱ्यांना फ्रेंच येत नव्हतं. गणिताच्या तत्त्वज्ञानावर एक पुस्तकही याच कोठडीत लिहून झालं.

हे वाचताना मला आपल्या अहमदनगरचा किल्ला आठवतो. १९४२ नंतर मौलाना आझाद तिथं कैदेत होते. मित्राच्या नावानं खतं लिहायचे, पण ती पाठवायची परवानगीच नव्हती. सुटल्यावर तीच ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. एकानं पत्रं चोरून बाहेर काढली, दुसऱ्यानं ती न पाठवता लिहीत ठेवली.

खासगी पत्रांमधलं एक प्रकरण मात्र मनाला लागतं. पहिली बीवी अ‍ॅलिस हिच्यावरचं त्यांचं प्रेम एके दिवशी सायकल चालवता चालवता संपलं, असं त्यांनी स्वतःच नमूद केलं आहे. ती काही वर्षं त्याच घरात झुरत राहिली. १९२१ ला तलाक झाला. अ‍ॅलिसनं दुसरं लग्न केलं नाही. जवळजवळ तीस वर्षांनी, दोघं सत्तरी-ऐंशीच्या घरात असताना, पुन्हा पत्रं सुरू झाली. गाठभेटही झाली. तिच्या पत्रांत तक्रार नाही, फक्त माया आहे. जानेवारी १९५१ मध्ये ती गेली. ही पत्रं रसेल यांनी आत्मचरित्रात छापली. ती वाचल्यावर वाचकाच्या मनात लेखकापेक्षा अ‍ॅलिसची बाजू भारी ठरते, हे त्यांना कळत नसेल असं वाटत नाही.

भारताशी त्यांचं नातं तिसाव्या दशकापासून होतं. लंडनमध्ये कृष्ण मेनन ज्या इंडिया लीगचं काम बघत, तिचे ते अध्यक्ष होते. आपल्या आझादीच्या बाजूनं ते लिहीत आणि बोलत राहिले.

मग अणुबॉम्ब आला. इथं त्यांची एक मोठी चूक सांगितली पाहिजे. १९४५ नंतरची काही वर्षं, रशियाकडे बॉम्ब नव्हता तेव्हा, रशियानं ऐकलं नाही तर युद्धाची धमकी द्यावी असं त्यांचं मत होतं. पुढे त्यांनी असं म्हटल्याचं नाकारलं. पण १९४८ चं त्यांच्याच हातचं एक पत्र छापून आलं, आणि १९५९ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांना कबूल करावं लागलं. पत्र लिहिणाऱ्यालाही पकडतं ते असं.

१९५५ च्या सुरुवातीला त्यांनी आइन्स्टाइनना लिहिलं की शास्त्रज्ञांनी मिळून जगाला इशारा द्यावा. मसुदा पाठवला. एप्रिलमध्ये रोमहून पॅरिसला विमानानं जाताना वैमानिकानं आइन्स्टाइन वारल्याची बातमी सांगितली. रसेल यांना वाटलं, सगळं संपलं. पॅरिसच्या हॉटेलात पोहोचले तर आइन्स्टाइनचं पत्र येऊन पडलं होतं, सहीसकट. ९ जुलै १९५५ ला तो जाहीरनामा लंडनमध्ये वाचला गेला. त्यातून शास्त्रज्ञांच्या ज्या परिषदा सुरू झाल्या त्यातली पहिली नेहरूंच्या पुढाकारानं दिल्लीत भरणार होती, पण सुएझचं युद्ध पेटलं आणि १९५७ मध्ये ती कॅनडातल्या पगवॉश गावी झाली.

त्याच वर्षी त्यांनी एका साप्ताहिकातून अमेरिकेचे आयझेनहॉवर आणि रशियाचे ख्रुश्चेव्ह या दोघांना एकच खुलं पत्र लिहिलं. ख्रुश्चेव्ह यांनी लांबलचक उत्तर दिलं! मग आयझेनहॉवर यांच्या वतीनं परराष्ट्रमंत्री डलेस यांनाही उत्तर द्यावं लागलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर आलं तेव्हा नव्वद वर्षांचे रसेल वेल्समधल्या आपल्या घरातून केनेडी, ख्रुश्चेव्ह, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट अशा सगळ्यांना तारा करत होते. ख्रुश्चेव्ह यांनी जगजाहीर उत्तर देऊन बोलणी करायची तयारी दाखवली. केनेडी चिडले, चोर पकडणाऱ्यापेक्षा चोराकडे लक्ष द्या, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. त्या तारांमुळे युद्ध टळलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण ख्रुश्चेव्ह यांना सबुरीची भाषा जाहीरपणे बोलायला त्या उत्तराचं निमित्त मिळालं, हे खरं.

त्याच दिवसांत भारत-चीन युद्ध सुरू होतं. रसेल यांनी नेहरू आणि चाऊ एन-लाय दोघांशी पत्रव्यवहार केला, आणि १९६३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. ते चीनकडे झुकलेलं आहे अशी टीका झाली आणि भारतात त्याच्या आयातीवर बंदी आली. हा आरोप अगदीच बिनबुडाचा नव्हता.

पण आपल्याकडच्या दोन तरुणांवर त्यांचा वेगळाच असर झाला. १९६१ मध्ये ८९ व्या वर्षी अणुबॉम्बविरोधी सत्याग्रहासाठी रसेल पुन्हा ब्रिक्स्टनला गेले, एका आठवड्यासाठी. ही बातमी वाचून विनोबांच्या चळवळीतले सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांनी दिल्लीहून चार अणुसत्तांच्या राजधान्यांकडे पायी जायचं ठरवलं. खिशात पैसा ठेवू नका, असं विनोबांनी सांगितलं. १९६२ मध्ये राजघाटावरून निघाले आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराणमधून लोकांच्या घरी मुक्काम करत गेले. ब्रिटनमध्ये ते रसेल यांना जाऊन भेटले, आणि अमेरिकेच्या जहाजाच्या तिकिटांसाठी रसेल यांनी मदत केली.

शेवटच्या वर्षांत त्यांच्या नावानं जाणाऱ्या पत्रांबद्दल शंका घेतल्या गेल्या. त्यांचे सेक्रेटरी राल्फ शोनमन हेच लिहितात, म्हातारा फक्त सही करतो, असं बोललं जाई. काही पत्रांची भाषा खरंच त्यांची वाटत नाही. अखेर १९६९ मध्ये रसेल यांनी शोनमनपासून फारकत घेऊन त्यामागची कारणं लिहून ठेवली. मात्र व्हिएतनाममधल्या अत्याचारांची चौकशी करायला त्यांनी जो लोकन्यायाधिकरण बसवला, त्याच्या १९६७ च्या बैठकांत सार्त्र यांच्याबरोबर पाकिस्तानचे वकील महमूद अली कसूरी आणि तुर्कस्तानचे मेहमेत अली आयबार हेही होते. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी आपले सगळे कागद मॅकमास्टरला विकले, आणि पैसा शांततेच्या कामासाठी वापरला.

आता तो शेवटचा संदेश. चाळीसच्या दशकात रसेल यांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्राच्या बाजूनं लिहिलं होतं. नाझींनी केलेला संहार बघून त्या काळी अनेकांचं मत तसं झालं होतं. पण जानेवारी १९७० मध्ये इस्रायलची विमानं इजिप्तच्या आत खोलवर बॉम्ब टाकत होती आणि कैरोत वेगवेगळ्या देशांच्या खासदारांची परिषद भरणार होती. ३१ जानेवारीला ९७ वर्षांच्या रसेल यांनी परिषदेसाठी मजकूर तयार केला. बॉम्ब टाकून लोक शरण येत नाहीत, उलट जिद्दीला पेटतात, हे त्यांनी १९४० मधल्या लंडनचा दाखला देऊन मांडलं. पॅलेस्टिनी लोकांचा मुल्क एका परक्या सत्तेनं दुसऱ्यांना देऊन टाकला आणि लाखो माणसं बेघर झाली, जगातल्या दुसऱ्या कुठल्या कौमनं हे सहन केलं असतं, असा त्यांचा सवाल होता. ज्यूंनी भोगलेल्या जुलमाची त्यांना जाण होती, पण ते दुःख दाखवून आजचा जुलूम जायज ठरवता येत नाही, आणि इन्साफाची पहिली पायरी म्हणजे जून १९६७ मध्ये बळकावलेल्या सगळ्या प्रदेशातून माघार, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं.

२ फेब्रुवारीला संध्याकाळी वेल्समधल्या घरी त्यांचा इंतकाल झाला. ३ तारखेला कैरोच्या सभागृहात तो मजकूर वाचून दाखवला गेला.