कै. ताराबाई मोडक

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती कागद पडला की ते तो आधी चुरगाळते आणि मग फाडते. घरची वडील माणसे त्यावर रागावतात. परंतु अशा खेळातच बालकाचे खरे शिक्षण चाललेले असते, हे महाराष्ट्रास पटवून देण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या कै. ताराबाई मोडक यांचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

ताराबाईंचा जन्म ता. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींच्या शिक्षणास लोकमत प्रतिकूल असता ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीकडे समाज त्या काळी कोणत्या दृष्टीने पाही, हे सांगावयास नको. तथापि ताराबाई खचल्या नाहीत. राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या त्या मुख्य झाल्या. आणि ती मानाची जागाही सोडून १९२३ साली भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली.

बालशिक्षणाचा हा विचार युरोपातून आलेला होता. जर्मनीतील फ्रेबेल याने १८३७ साली बालोद्यान काढले व मुलांच्या हस्तव्यवसायांत कागदाच्या घड्या घालणे, कातरणे व पट्ट्या विणणे यांस स्थान दिले. त्या घड्यांवरूनच स्फूर्ती घेऊन सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासेत भूमितीचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इटलीच्या माँटेसोरीबाईंनी पुढे मुलांसाठी खास साधने बनविली. पण ती मोलाची होती. ज्या घरी दोन वेळची भाकर कष्टाने मिळते, तेथील मुलांनी काय करावे, हा प्रश्न ताराबाईंस सतावू लागला.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या १९४५ साली मुंबई सोडून बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. शिंपले, बिया, पाने, माती हीच तेथे साधने झाली. गरिबांची मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीत व अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. १९६२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले व १९७३ साली त्या निवर्तल्या. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आमच्या जालना जिल्ह्यातही गावोगाव अंगणवाड्या आहेत, आणि ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करणारी मुलेही आहेत. साधनांची वाण येथे मुळीच नाही. जुने वर्तमानपत्र किंवा लग्नपत्रिका घ्यावी. तीन वर्षांच्या मुलास ती फाडू द्यावी. चौथ्या वर्षी कडेस कड जुळवून घडी घालावयास शिकवावे. पाचव्या वर्षी बोथट टोकाची कात्री द्यावी व खळीने तुकडे चिकटवू द्यावेत. अंगठा व तर्जनी यांस अशा रीतीने जे बळ येते, तेच पुढे लेखणी धरण्याच्या कामी येते. चौकोनाची घडी कोनाकोनी घातली की त्रिकोण होतो, दोनदा घातली की चार भाग होतात, हे गणित मूल न रडता शिकते. होडी वेडीवाकडी झाली तरी ती आपण हातात घेऊन सुधारू नये; ती त्याची आहे.

पालकहो, बाजारातील महागडे खेळणे न मिळाल्याने कोणतेही मूल मागे राहत नाही. मागे राहते ते ज्याच्याजवळ बसावयास कोणास सवड नसते ते. ताराबाईंनी मोठी जागा सोडून अंगणात बैठक मारली. आपण रोज अर्धी घटका तरी आपल्या मुलाशेजारी बसावे, इतकीच आमची विनंती आहे.