ज्याने गोरिला मारले, त्यानेच त्यांच्यासाठी आफ्रिकेतलं पहिलं नॅशनल पार्क मिळवलं

१८९६ साल. आफ्रिकेतल्या सोमालीलँडमध्ये एका जखमी बिबट्याने एका अमेरिकन माणसावर झडप घातली. बंदुकीचा उपयोग उरला नव्हता. गड्याने आपला हात बिबट्याच्या घशात आणखी आत कोंबला, गुडघे त्याच्या छातीवर रोवले आणि नुसत्या हातांनी त्याला मारलं.

हा होता कार्ल अ‍ॅकली. जन्म १८६४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. काम काय, तर म्युझियमसाठी मेलेले प्राणी जिवंत वाटतील असे उभे करायचे. त्याआधी कातड्यात पेंढा भरून शिवून टाकत, सिंहाची अगदी उशी व्हायची. कार्ल मातीत स्नायूंसकट प्राणी घडवायचा, त्यावरून हलका पोकळ सांगाडा तयार करायचा आणि मग वर कातडं चढवायचा. सिमेंट फवारायचं मशीनसुद्धा त्याचंच!

१९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीसाठी गोरिला आणायला तो बेल्जियन काँगोतल्या विरुंगा डोंगरांत पोहोचला. ज्वालामुखींचे उतार, बांबूची बनं, त्याच्याही वर गवताळ कुरणं. तेव्हा गोरिला म्हणजे माणसाच्या अंगावर धावून येणारा राक्षस, असाच समज होता. कार्लला दिसले ते पाला खाणारे, पिल्लं सांभाळणारे, माणूस दिसला की दूर जाणारे. तरी मोहिमेत पाच गोरिला मारले गेले. मेलेल्या नराचा चेहरा जवळून पाहिल्यावर आपण खून केलाय, ही भावना दाबणं त्याला जड गेलं.

परतल्यावर तो या डोंगरांत शिकार बंद करा म्हणून मागेच लागला. बेल्जियमचा राजा पहिला अल्बर्ट १९१९ मध्ये अमेरिकेतली नॅशनल पार्कं पाहून आला होता, त्याला हे पटलं. २१ एप्रिल १९२५ ला अल्बर्ट नॅशनल पार्क जाहीर झालं. आजचं विरुंगा ते हेच. अर्थात हुकूम निघाला बेल्जियमच्या राजाचा. डोंगराखालच्या लोकांना विचारायची वसाहतीत पद्धत नव्हती.

१९२६ मध्ये कार्ल पत्नी मेरीसोबत पुन्हा तिकडे निघाला, पण वाटेतच आजारी पडला. १७ नोव्हेंबरला मिकेनो डोंगरावर, काबाराच्या कुरणाजवळ तो गेला. तिथेच त्याला पुरलं. मोहीम मेरीने पुढे नेली. १९६७ मध्ये डायन फॉसीने गोरिलांच्या अभ्यासासाठी पहिला तंबू ठोकला, तोही याच काबारात.

न्यूयॉर्कच्या म्युझियममधला कार्लच्या नावाचा हॉल १९३६ मध्ये उघडला. ते पाच गोरिला आजही तिथे आहेत, पाठीमागे विरुंगाच्या डोंगरांचं चित्र.