आगकाड्या नाचवणारे दादासाहेब: टीका, थकवा आणि काशीचा मुक्काम

बंगळूर हे आज देशातील अॅनिमेशन व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र मानले जाते. दिवसा नोकरी करून रात्री संगणकापुढे बसणारे आणि काही सेकंदांच्या हालचालीसाठी कित्येक रात्री खर्ची घालणारे हौशी कलावंत या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्या वाट्याला दोन गोष्टी हटकून येतात. पहिली म्हणजे झालेल्या कामावरची बोचरी टीका आणि दुसरी म्हणजे पुढचे काम हाती घेण्याची इच्छाच नाहीशी करणारा थकवा. या दोन्हींचा अनुभव भारतात ज्यांनी सर्वांत आधी घेतला त्यांचे नाव या शहराला परिचयाचे आहे, पण ते पुरस्काराच्या निमित्ताने. अभिनेते राजकुमार यांना 1995 चा, छायालेखक व्ही. के. मूर्ती यांना 2008 चा आणि बंगळूरच्या मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड या नावाने जन्मलेल्या रजनीकांत यांना 2019 चा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार आहे त्या फाळके यांनी एकेकाळी आगकाड्यांना पडद्यावर नाचवले होते आणि पुढे चार वर्षांनी चित्रपटाचा धंदाच सोडून ते काशीला निघून गेले होते, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. मुलाने शास्त्राध्ययन करावे अशी घराची परंपरा, पण मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. 1885 मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, शिल्पाचे साचे, छायाचित्रण आणि छपाईची विविध तंत्रे आत्मसात केली. 1892 च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले.

पुढील वीस वर्षे मात्र एकामागून एक व्यवसाय मोडण्यात गेली. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला असता प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यात पुन्हा कॅमेरा उभा केला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो, अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. कलावंताच्या कामाविषयी याहून प्रतिकूल मत दुसरे कोणते असू शकेल? फाळके यांनी मग जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते रंगमंचावर उभे राहिले. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरीही केली. त्यानंतर छापखाना काढला, जर्मनीला जाऊन यंत्रे आणली, परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि उभा केलेला छापखाना सोडून त्यांना बाहेर पडावे लागले. भागीदारांशी मतभेद हा प्रकार त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतो. त्यांच्या खऱ्या थकव्याचे मूळ तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

एप्रिल 1911 मध्ये मुंबईच्या गिरगावात ईस्टरच्या दिवसांत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येत होते, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या वेळी त्यांचे वय चाळीसच्या पुढे होते आणि हाती कोणताही व्यवसाय नव्हता. त्यानंतरचे कित्येक महिने त्यांनी दिवसाचे चार-पाच तास चित्रपट पाहण्यात आणि उरलेला वेळ पुस्तके, सूचीपत्रे व प्रयोग यांत घालवला. झोप नाही, विश्रांती नाही. याचा परिणाम थेट डोळ्यांवर झाला आणि त्यांना दिसेनासे झाले. असेच चालू राहिले तर दृष्टी कायमची जाईल, असा इशारा डॉक्टरांना द्यावा लागला. उपचारांनंतर तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने त्यांना पुन्हा दिसू लागले आणि त्यांनी तेच काम पुन्हा सुरू केले. चरित्रकार या घटनेकडे ध्येयवेडाचे उदाहरण म्हणून पाहतात. पण ज्याच्या कामाचे साधनच डोळे आहेत त्याने डोळेच पणाला लावावेत, ही बाब केवळ कौतुकाने उल्लेखून पुढे जाण्यासारखी नाही.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनला प्रयाण केले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मितीचे काम पाहून आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते दोन महिन्यांत परतले. परंतु पौराणिक चित्रपटासाठी भांडवल देणार कोण? हा माणूस बहकला आहे असे समजणारे मित्र आणि आप्त आजूबाजूला होतेच. त्यांची समजूत घालण्यासाठी फाळके यांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीपुढे कॅमेरा ठेवला.

बी फुटते, अंकुर वर येतो, त्याचा वेल होतो, हे सर्व त्यांनी ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपून चित्रित केले. पडद्यावर ते सुमारे एका मिनिटाचे होते. त्या काळच्या मूकपटाचा वेग सेकंदाला सोळा फ्रेम धरला तर एका मिनिटासाठी हजाराच्या आसपास फ्रेम लागतात. म्हणजे त्या कुंडीसमोर कॅमेऱ्याची मूठ तितक्या वेळा फिरवावी लागली. हे स्टॉप मोशनच्या अगदी जवळचे तंत्र असून वस्तू हलवण्याचे काम येथे निसर्गच करतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. टीकाकारांना फाळके यांनी दिलेल्या सर्व उत्तरांमध्ये हे उत्तर सर्वांत परिणामकारक ठरले.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला. या चित्रपटाची कथा सर्वांना माहीत आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ती भूमिका करण्यास तयार झाले. चित्रपटात काम करतो असे सांगणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून मंडळी आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत असतो असे सांगत. सरस्वतीबाई फाळके या दुसऱ्या पत्नी. दिवसा त्या सर्वांसाठी स्वयंपाक करत आणि रात्री अंधारात कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडत. एवढे होऊनही सुरत येथे पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये जमा झाल्याचे सांगितले जाते. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत असताना तीन आणे देऊन दीड तासाचे चित्र कोण पाहणार, अशी तक्रार होती. त्यावर फाळके यांनी 57 हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात केली आणि गर्दी लोटली. छायाचित्रांचा आकडा खरा होता. लांबी मात्र 3,700 फूट, म्हणजे मैलापेक्षाही कमी होती. प्रोफेसर केळफा अद्याप जिवंत होते.

1914 मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा इंग्लंडला गेले. तेथे तंत्राची वाखाणणी झाली, पण महायुद्ध सुरू झाले आणि इकडे भांडवलदारांनी हात आखडता घेतला. घरचे दागिनेही संपत आले होते. कर्जासाठी औंध, इंदूर यांसारख्या संस्थानांकडे हेलपाटे घालण्याच्या या काळातच ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार झाला. साल 1915. टेबलावर काड्या मांडायच्या, एक फ्रेम घ्यायची, काड्या किंचित सरकवायच्या आणि पुन्हा फ्रेम घ्यायची. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी 1908 मध्ये असा प्रयोग केला होता. भारतात मात्र अॅनिमेशनचा आरंभ म्हणून फाळके यांच्या याच चित्राकडे बोट दाखवले जाते. पोशाख, नट, रथ, राजवाडे यांचा खर्च परवडत नसताना एका पेटीतील काड्यांवर हे काम भागले. मोठे काम अडले असताना हाताला चाळा म्हणून केलेल्या या गोष्टीची त्या वेळी कोणी विशेष दखल घेतल्याचे आढळत नाही.

‘लंकादहन’ने 1917 मध्ये सारे चित्र पालटले. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली अशी आठवण सांगितली जाते. या यशामुळे भांडवलदार स्वतःहून पुढे आले आणि 1918 च्या प्रारंभी नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्ण साकारलेला ‘कालियामर्दन’ हे चित्रपट गाजले. आता पैशाची चिंता नव्हती. पण भागीदारांना वेळेत, ठरलेल्या खर्चात चित्रपट हवे होते आणि फाळके यांना मनासारखे झाल्याशिवाय काम सोडवत नव्हते. भागीदारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नव्हे, कारण पैसा त्यांचा होता. तथापि सुरत येथील तीन रुपयांनी जो माणूस डगमगला नाही, तो हिशेबाच्या वहीपुढे हरला. 1919 अखेर त्यांनी कंपनी सोडली, निवृत्ती जाहीर केली आणि सहकुटुंब काशीला प्रस्थान ठेवले.

काशीत त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही, पण त्यांना स्वस्थही बसवले नाही. मराठी रंगभूमीच्या तत्कालीन स्थितीवर टीका करणारे ‘रंगभूमि’ हे सात अंकी नाटक त्यांनी लिहिले. 1922 मध्ये ते रंगमंचावर आले आणि प्रेक्षकांनी त्याचे थंड स्वागत केले. दुसऱ्या क्षेत्रात जाऊन मन रमवण्याचा उपाय या वेळी तरी लागू पडला नाही.

त्यांना परत आणण्याचा प्रयत्न मुंबईतून झाला. ‘संदेश’ पत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना पत्र लिहून निर्णयाचा फेरविचार करण्याची गळ घातली. चित्रपटाच्या दृष्टीने आपण मेलो आहोत आणि पुन्हा जिवंत होण्याची आपली इच्छा नाही, अशा अर्थाचे उत्तर फाळके यांनी पाठवले. कोल्हटकर यांनी ते उत्तर आपल्या पत्रात छापून टाकले. खाजगी हताशा अशी चव्हाट्यावर मांडणे सभ्यतेला धरून होते का, हा प्रश्न राहतोच. परंतु त्यानंतर वाचकांची पत्रे येऊ लागली आणि तीही छापली गेली. तोपर्यंत फाळके यांच्यापर्यंत पोहोचणारा अभिप्राय भागीदारांचा, सावकारांचा आणि व्यवस्थापकांचा होता. पडद्यापुढे बसणाऱ्या माणसांचे म्हणणे त्यांना अशा रीतीने प्रथमच वाचायला मिळत होते. ती पत्रे वाचून ते नाशिकला परतले.

परतले ते मात्र पूर्वीच्याच कंपनीत, दरमहा एक हजार रुपये वेतनावर. निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार असे त्यांचे पद होते. चित्रपट पुष्कळ निघाले, खटकेही पुन्हा उडाले आणि ‘लंकादहन’ची जादू काही परत आली नाही. 1931 मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला तेव्हा त्यांचा ‘सेतुबंधन’ मुकाच होता. त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा पहिला आणि अखेरचा बोलपट 1937 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांचे वय 67 वर्षे होते. त्यानंतर ते नाशिकमध्येच राहिले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले.

‘आगकाड्यांची मौज’ची प्रत आज उपलब्ध नाही. त्यांच्या अनेक चित्रपटांपैकी थोड्याच चित्रपटांचे काही भाग शिल्लक राहिले. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेल्या त्या भागांमध्ये चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा 1917 चा एक लघुपट आहे. दिग्दर्शन करणारे, फिल्म धुणारे आणि तिचे तुकडे जोडणारे फाळके त्यात स्वतः दिसतात.