शिल्पकार मायकेल अँजेलो आणि गळ्यात पडलेली कामे

रोमच्या संत पीटर महामंदिरात शिरले की उजव्या हाताच्या पहिल्याच चॅपेलमध्ये ‘पिएता’ हे शिल्प आहे. क्रुसावरून उतरवलेला येशू मरियामातेच्या मांडीवर विसावला आहे. ह्या शिल्पाचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. १४९९ साली ते पूर्ण झाले तेव्हा मायकेल अँजेलो जेमतेम २४ वर्षांचा होता. त्याच महामंदिराच्या घुमटाचे काम त्याच्याकडे आले तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. मधल्या काळात त्याने चित्रे काढली, कविता लिहिल्या, फ्लॉरेन्स शहराची तटबंदीदेखील उभारली. तो स्वतःला मात्र शिल्पकारच म्हणवून घेई.

६ मार्च १४७५ रोजी इटलीतील काप्रेसे गावी त्याचा जन्म झाला. त्याला दूध पाजणारी दाई पाथरवटाच्या घरातली होती. वडिलांना घराण्याचा अभिमान फार. मुलाने हाताने राबण्याची कला शिकावी हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. (दहावीनंतर मुलाने चित्रकलेकडे जायचे म्हटले की आपल्याकडेही घरात असेच वातावरण होते!) तरीही तेराव्या वर्षी तो गिर्लांदायो ह्या चित्रकाराकडे शिकायला राहिला. पुढे फ्लॉरेन्समधील सांतो स्पिरितो मठाच्या प्रमुखांनी त्याला मृतदेहांचा अभ्यास करू दिला. पिएतामधील येशूचा लोंबता हात पाहताना ह्या अभ्यासाची आठवण ठेवावी.

फ्लॉरेन्समध्ये संगमरवराचा एक प्रचंड ठोकळा दुसऱ्या कारागिराने अर्धवट कोरून सोडला होता. जवळजवळ ४० वर्षे तो पडून होता. १५०१ ते १५०४ ह्या काळात मायकेल अँजेलोने त्यातून १७ फूट उंचीचा दावीद घडवला. पुतळा दगडात आधीपासूनच शक्यतेच्या रूपाने असतो, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. सेमिनरीत हे पाठ केले होते. दावीदची हकिकत वाचली तेव्हा ते समजले.

१५०५ साली पोप ज्युलियस दुसरे ह्यांनी त्याला आपली समाधी बांधायला सांगितली. त्यात सुमारे ४० पुतळे असणार होते. तो आनंदला, काराराच्या खाणींत जाऊन आठ महिने दगड निवडत बसला. पण पोपमहोदयांचे मन बदलले, पैसे थांबले आणि तो रागावून रोम सोडून गेला. समेट झाल्यावर १५०८ मध्ये त्याच्या गळ्यात वेगळेच काम पडले: सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवण्याचे. हे आपले काम नव्हे, असे तो विनवत राहिला. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तो वाळायच्या आत रंग भरायचा, म्हणजे त्या त्या दिवसाचा तुकडा त्याच दिवशी संपवायचा. सुरुवातीलाच गिलाव्याला बुरशी आली. तो पाठीवर झोपून रंगवत असे, असे सांगतात. ते खरे नव्हे. परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून तो काम करी आणि रंग तोंडावर ठिबके. ह्या हालांवर त्याने मित्रासाठी एक विनोदी कविता लिहिली. १५१२ च्या सर्व संतांच्या सणाला छत खुले झाले. त्यावर ३०० हून अधिक आकृत्या आहेत आणि त्या रंगवल्यापेक्षा कोरल्यासारख्याच दिसतात. ब्रश हातात असला तरी डोळा शिल्पकाराचा होता.

समाधीचे मात्र वाईट झाले. ज्युलियस वारले, करार पुनःपुन्हा बदलले आणि १५४५ साली ती पूर्ण झाली तेव्हा ठरल्यापेक्षा फारच लहान होती. त्यातला मोशेचा पुतळा जगप्रसिद्ध झाला, पण सल राहिलाच. त्याच्या कवितांत ह्या थकव्याचा, पापाचा आणि मरणाचा विचार वारंवार येतो. कविता सुमारे ३०० आहेत. पुष्कळ कविता त्याने व्हित्तोरिया कोलोन्ना ह्या भाविक विधवेसाठी लिहिल्या. पुस्तकरूपाने त्या १६२३ मध्ये आल्या.

तो संत नव्हता. तापट, एकलकोंडा, पैशाला चिकट असा माणूस होता. म्हणूनच पुढची गोष्ट मला मोठी वाटते. पोप पॉल तिसरे ह्यांनी संत पीटर महामंदिराचे काम सोपवले तेव्हाही तो नाखूश होता. बांधकामाचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नव्हते. तरी त्याने ते घेतले आणि देवाची सेवा म्हणून पगार नाकारला. १७ वर्षे तो त्यात राबला. घुमट त्याच्या मृत्यूनंतर, १५९० साली पूर्ण झाला.

घरी मात्र छिन्नी चालूच होती. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, तो वारला. त्याआधी काही दिवसांपर्यंत तो आणखी एका पिएतावर काम करीत होता. ते शिल्प आज मिलान शहरात आहे. येशू आणि मरियामाता त्यात जणू एकाच देहाची वाटतात. आधी कोरलेला येशूचा एक हात बाजूला तसाच उरला आहे, धडापासून सुटलेला.