तावर्निए: हिऱ्याच्या भावाचं सूत्र लिहून ठेवणारा व्यापारी

हिऱ्याची अंगठी घ्यायला गेलं की दुकानदार सर्टिफिकेट पुढे करतो. त्यावर चार गोष्टी असतात: कॅरेट म्हणजे वजन, कलर म्हणजे रंग, क्लॅरिटी म्हणजे आतली स्वच्छता आणि कट म्हणजे पैलू पाडण्याचं काम. इंग्रजीत या चारही शब्दांचं पहिलं अक्षर सी, म्हणून यांना 'फोर सी' म्हणतात. ही पद्धत विसाव्या शतकात अमेरिकेत पक्की झाली. पण याच चार गोष्टी धरून हिऱ्याचा भाव कसा काढायचा, हे १६७६ साली एका फ्रेंच व्यापाऱ्याने छापून टाकलं होतं. त्याचं बरंचसं शिक्षण झालं ते आपल्याकडे, दख्खनमध्ये. त्याचं नाव जाँ-बाप्तिस्त तावर्निए.

नकाशांच्या घरातला मुलगा

तावर्निएचा जन्म १६०५ चा, पॅरिसमधला. वडील नकाशांच्या धंद्यात होते, त्यामुळे लांबच्या देशांची ओढ लहानपणापासूनच लागली. पुढे त्याने पूर्वेकडे एकूण सहा सफरी केल्या. दुसऱ्या सफरीत, म्हणजे १६३८ ते १६४३ च्या दरम्यान, तो पहिल्यांदा भारतात आला. गोव्यालाही तो दोनदा जाऊन आला. सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याचा जो रस्ता त्याने लिहून ठेवलाय, तो नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद, नांदेड असा आजच्या महाराष्ट्रातूनच जातो. नवापूरच्या सुवासिक तांदळाचं कौतुकही त्यात आहे!

खाणीवरचं ग्रेडिंग

गोवळकोंड्याच्या राज्यात हिऱ्यांच्या खाणी होत्या. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीवर त्याच्या अंदाजाने ६०,००० माणसं राबत होती. दुसऱ्या एका खाणीवरच्या कामगारांची मजुरी त्याने वर्षाला फक्त ३ होन अशी नोंदवली आहे, आणि तीही काम चांगलं जाणणाऱ्यांची. लाखांचा माल काढणाऱ्यांच्या हातात एवढंच पडायचं.

त्याच खाणीजवळ त्याने एक मजेशीर बाजार पाहिला. व्यापाऱ्यांची १० ते १६ वर्षांची मुलं काटा आणि पैशांची थैली घेऊन झाडाखाली बसायची. कुणी हिरा विकायला आणला की तो सगळ्यात मोठ्या मुलाच्या हातात जायचा, मग एकेकाच्या हातातून फिरायचा. संध्याकाळी दिवसभराचा माल एकत्र करून पाणी, वजन आणि स्वच्छता यांप्रमाणे वेगळा लावायचा आणि मोठ्या व्यापाऱ्यांना विकायचा. नफा सगळ्यांत सारखा. फक्त म्होरक्याला पाव टक्का जास्त. 'पाणी' म्हणजे हिऱ्याचा रंग आणि पारदर्शकपणा. आपण आजही 'पाणीदार' म्हणतो ते यातलंच.

रंग तपासायची पद्धत तर एखाद्या लॅबला शोभेल अशी. युरोपात हिरा दिवसा बघायचे. इथले पारखी रात्री बघायचे. भिंतीत चौकोनी कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि चिमटीत धरलेला हिरा. दिवसाचा उजेड दर तासाला बदलतो, दिव्याचा बदलत नाही. आजच्या लॅबमध्येही रंग ठरावीक प्रकाशातच ठरवतात, कारण तेच.

पैलूंच्या बाबतीतही त्याने एक गोष्ट टिपली. हिरा स्वच्छ असेल तर इथले कारागीर त्याला सहाणेवर थोडासाच फिरवायचे, म्हणजे वजन वाचतं. आत डाग असेल तर त्यावर भरपूर पैलू पाडून तो झाकायचे. म्हणजे जास्त पैलू दिसले की खरेदी करणाऱ्याने सावध व्हायचं.

सूत्र काय होतं?

आता मुख्य मुद्दा. त्याच्या पुस्तकातला हिशोब असा:

किंमत = वजन × वजन × एका कॅरेटचा मूळ दर

हा नियम त्याने शोधला नाही, व्यापारात तो आधीपासून होता. पण त्याने तो उदाहरणांसकट मांडला. १२ कॅरेटचा निर्दोष हिरा घ्या. १२ × १२ = १४४. मूळ दर १५० लीव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), म्हणून किंमत २१,६०० लीव्र. वजन दुप्पट झालं की किंमत चौपट, कारण मोठा हिरा फार क्वचित सापडतो.

मग रंग आणि डाग कुठे बसतात? मूळ दरात. १५ कॅरेटचा निर्दोष हिरा ३३,७५० लीव्रचा. तोच सदोष असेल तर दर ८० धरायचा, म्हणजे १८,००० लीव्र. वजन तेवढंच, किंमत जवळजवळ अर्धी.

औरंगजेबाच्या दरबारात

१६६५ च्या नोव्हेंबरमध्ये औरंगजेबाची रत्नं त्याला हातात घेऊन बघायला मिळाली. त्यात 'ग्रेट मुघल' नावाने ओळखला जाणारा हिरा होता. वजन ३१९.५ रती. तो एक रती म्हणजे ७/८ कॅरेट धरायचा, म्हणून २७९ ९/१६ कॅरेट. कडेला एक बारीकसा डाग होता, त्यामुळे त्याने दर १६० ऐवजी १५० लावला. किंमत आली १,१७,२३,२७८ लीव्र आणि वर काही सुटे! कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं.

हाच हिरा कच्चा असताना ९०० रतींचा होता. होर्तेन्सियो बोर्जियो नावाच्या व्हेनिसच्या कारागिराने तो नीट कापण्याऐवजी घासून घासून लहान केला. बादशहाने मजुरी तर दिली नाहीच, उलट १०,००० रुपये दंड केला. कट चुकला की काय होतं, याचं यापेक्षा महागडं उदाहरण सापडणार नाही.

सूत्र आणि बाजार

शेवटच्या सफरीहून परतल्यावर त्याने चौदाव्या लुईला हजाराहून जास्त हिरे विकले. त्यात ११२ ३/१६ कॅरेटचा एक निळा हिरा होता. १५० च्या दराने त्याची किंमत जवळपास १९ लाख लीव्र होते. प्रत्यक्षात राजाने दिले २,२०,०००. हिरा युरोपीय पद्धतीने घडवलेला नव्हता, आणि एवढा मोठा खडा घेऊ शकणारी गिऱ्हाइकं तरी किती? सूत्र अंदाज देतं, भाव मात्र गिऱ्हाईक ठरवतं. पुढे याच हिऱ्यातून आजचा ४५.५२ कॅरेटचा 'होप' हिरा निघाला.

राजाने त्याला उमरावपद दिलं. १६७० मध्ये त्याने जिनिव्हाजवळ ओबोनची जहागीर विकत घेतली. पण तो प्रोटेस्टंट होता, आणि १६८५ मध्ये त्याच राजाने प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. त्याच सुमारास जहागीरही विकली गेली. ऐंशीच्या घरात असताना तो पुन्हा पूर्वेकडे निघाला आणि १६८९ मध्ये मॉस्कोत वारला. कुत्र्यांनी त्याला फाडून खाल्लं ही नेटवर फिरणारी गोष्ट निव्वळ दंतकथा आहे.

आज वर्गाचा नियम तसाच्या तसा चालत नाही. आता दर प्रति कॅरेट असतो आणि ठरावीक वजनांवर उडी मारतो. ०.९९ आणि १.०० कॅरेट यांत डोळ्याला फरक दिसत नाही, बिलात दिसतो. लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यांनी तर दुर्मिळपणाचं गणितच बदललं. तरीही तावर्निएची रीत कामाची आहे. नुसत्या वजनावर जाऊ नका. त्या वजनाला दर कोणता लावलाय आणि तो रंग, डाग, कट यांतल्या कशामुळे चढला किंवा उतरला, हे दुकानदाराला विचारा. उत्तर सर्टिफिकेटशी जुळलं, तरच पाकिटाला हात घाला.